दीडशे डब्यांवरची रेघ

वसई-विरारकडे लोक किल्ला बघायला जातात, समुद्रात पाय बुडवायला जातात, जीवदानीच्या पायऱ्या चढायला जातात. मी दीडशे स्टीलचे डबे थांबवायला गेलो होतो. चार दिवस राहिलो. किल्ला पाहिला नाही, पायऱ्याही चढलो नाही. तरी जे पाहिलं ते सांगतो, कारण त्या बाजूला आपल्यापैकी फारसं कुणी मुक्कामाला जात नाही, आणि ज्या कामासाठी मी गेलो त्या कामासाठी कुणाला जायची पाळी येऊ नये.

आधी मी कोण ते सांगायला हवं. गाव कराडजवळचं, नोकरी पुण्यातल्या एका भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, हुद्दा तंत्रज्ञ. म्हणजे शोध लावायचे दुसऱ्यांनी आणि पंप बिघडला की हाक मारायची मला. माझ्या ताब्यात एक शीतयंत्र आहे. त्याच्या पोटात इतकी थंडी असते की चांदण्यांमधली पोकळीसुद्धा त्यापुढे ऊबदार म्हणावी. त्या थंडीत आम्ही नखाएवढी चकती ठेवतो. चकतीवर ॲल्युमिनियमची एक केसाइतकी बारीक वाट काढलेली असते. ती वाट प्रकाशासाठी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या मायक्रोवेव्ह जातीच्या प्रकाशासाठी. वाटेच्या कडेला बसवलेला असतो कृत्रिम अणू. तो निसर्गाने केलेला नसतो, आमच्या पोरांनी भट्टीत घडवलेला असतो.

या अणूचा जीव एका सांध्यात असतो. कपड्यात साठलेल्या विजेची ठिणगी, जी तुम्हाला जाणवणारही नाही, तो सांधा जाळून टाकते. म्हणून चकतीला हात लावण्याआधी मनगटाला पट्टा बांधायचा आणि तो जमिनीत गेलेल्या तारेला जोडायचा. पट्टा न बांधणाऱ्या पोरांना मी वर्षानुवर्षं फैलावर घेत आलो. तोंडावर ती मला काका म्हणतात आणि माझी पाठ वळली की पट्टाकाका.

दर्शना त्यांच्यातलीच. नायगावची, खाडीकाठच्या शेतकरी घरातली. तिने आदल्या वर्षी एका अणूचा प्रयोग करून दाखवला होता. वाटेवर एक अणू बसवला की तो येणारा प्रकाशाचा कण अडवून मागे परतवतो आणि आलेखात एक दरी दिसते. आता तिला दोन अणू बसवायचे होते. त्यांच्यातलं अंतर नेमकं जमलं तर दोघांची अशी जोडी बनते की घेतलेला प्रकाश ती आपसातच ठेवते, बाहेर जवळपास काही सोडत नाही. तसं झालं तर दरीच्या मधोमध सुईसारखं एक शिखर उभं राहतं. ते शिखर बघायचं म्हणून तिने चार महिने खपून चकती बनवली, आणि चकती तयार झाली त्याच आठवड्यात तिच्या रक्ताचा आजार कळला. ती मुंबईच्या इस्पितळात गेली. जाताना मला म्हणाली, आता तुम्हीच बसवा काका, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नका.

मी बसवली. जानेवारीची कोरडी दुपार होती, अंगात बायकोने विणलेला लोकरीचा स्वेटर होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी पट्टा बांधायला विसरलो.

यंत्र थंड व्हायला तीन दिवस लागतात. चौथ्या दिवशी मोजायला बसलो तर रेघ सपाट. प्रकाश या टोकाने आत गेला आणि त्या टोकाने निघून गेला, वाटेत कुणी नव्हतंच. मला लगेच स्वेटर आठवला. संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, दिसलं?" एवढंच तिने विचारलं. आवाज इतका बारीक झाला होता की मी म्हणालो, दिसलं.

मग तिला आलेख हवा झाला. शिखर कसं दिसायला हवं याचं गणित तिनेच करून ठेवलं होतं. त्या गणिताची रेघ मी कागदावर काढली आणि मोजमाप म्हणून तिला पाठवून दिली. पुढे तिचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. ती बारकावे विचारील आणि आपण पकडले जाऊ याची भीती वाटली. यंत्रापाशी आहे, नंतर बोलतो, असं लिहून कळवलं. आलेख पाठवल्यापासून अकराव्या दिवशी ती गेली. चकती माझ्या हातून मेली हे मी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सांगितलं होतं. आलेखाचं कुणालाच सांगितलं नाही.

वर्ष भरत आलं तेव्हा तिच्या आईचा फोन आला. वर्षश्राद्धाला या, म्हणाल्या. त्यांच्या आळीत वर्षश्राद्धाला वारलेल्या माणसाचं नाव घातलेली भांडी वाटतात. आमच्याकडे भांड्यावर नाव पडतं ते लग्नात, तेही मामाचं मोठं आणि नवरीचं बारीक. "नाव सगलेच घालतात," त्या म्हणाल्या, "मी तिचं काम घालतेय. तुमी धाडलेली ती रेघ." दीडशे डब्यांवर ती रेघ कोरायला दिली होती. श्राद्धाला चार दिवस होते, मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

नायगाव

घर स्टेशनच्या पूर्वेला असताना मी पश्चिमेला बाहेर पडलो. पूल चढून परत आलो, तर पत्ता सांगताना माझ्या तोंडून "टॉवरच्या मागे" असं गेलं आणि रिक्षावाला हसला. तिथे सगळंच टॉवरच्या मागे आहे. त्याने मला तीन वेगवेगळ्या वसाहतींच्या दारात उभं केलं. तिथल्या रखवालदारांना त्या जुन्या गावाचं नावच ठाऊक नव्हतं. शेवटी एका मासळीवालीने वाट दाखवली. उंच इमारतींच्या दोन रांगांमधून एक बोळ जातो आणि बोळ संपला की कौलारू घरं, पेंढ्याच्या उडव्या आणि त्यापलीकडे खाडी.

दर्शनाच्या आई पन्नाशीच्या, ताठ बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला भाऊ म्हणतात. नवरा मिठागरावर होता, दर्शना कॉलेजात असतानाच तो गेला. घरात आता त्या आणि मोठा मुलगा नीलेश. तो अंधेरीला नोकरी करतो आणि श्राद्धासाठी रजा घेऊन बसला होता. मी चूळ भरतो न भरतो तोच ताट आलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा, डोळे डोक्यावर. आमच्याकडे माशाला मासा म्हणतात आणि विषय संपतो, इथे प्रत्येकाला नाव आहे आणि प्रत्येकाचा काटा वेगळा. माझ्या घशात अडकला तो कुठल्या जातीचा हे नीलेशने खोकल्यावरून ओळखलं. ताईंनी कोरड्या भाकरीचा घास गिळायला लावला तेव्हा तो उतरला.

मी ठरवून आलो होतो की पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं. पण सांगू कसं? समोरच्या भिंतीवर तिचा फोटो होता, हार ताजा होता.

उतरत्या उन्हात ताई मला बांधावर घेऊन गेल्या. खाऱ्या पाण्यापासून शेतं राखणारा हा मातीचा बांध, आणि बांधात पाण्यासाठी ठेवलेलं लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी होती. तिवरांची मुळं उघडी पडली होती आणि त्यांच्यामधून पाण्याची एक अरुंद धार खाडीकडे निघाली होती. मी नीट बघायला वाकलो आणि माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. पाय निघाला, बूट राहिला. ताईंनी खाली बसून, कोपरापर्यंत हात घालून तो काढून दिला. मग पाण्याकडे बघत म्हणाल्या, "ती मना हितंच समजवायची. बोलायची, आई, ही धार म्हंजे उजेडाची वाट धर. अरुंद वाट, येका टायमाला येकच दाना जानार. वाटंला येक खोटा अनू बसवलाय. दाना आला का तो धरतो न मागं फेकतो. न दोन अनू बसवले बराबर मापानं, तर ते दोगं आपसातच घेत-देत बसतात. भाईर कायच सांगत नाय."

मी या विषयावरची कितीतरी व्याख्यानं चहा वाटत ऐकली आहेत. इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना तसं म्हणालो आणि तेवढंच म्हणालो.

थंडीचे दिवस असूनही तिथली हवा खारट आणि ओलसर. सदरा अंगाला चिकटून राहतो, वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही दमटच असतो. अशा हवेत कपड्यात वीज साठत नाही. ती चकती मी इथे, या ओट्यावर बसून उघडली असती तर कदाचित वाचली असती. तिथे होतो तोवर हा वेडा विचार डोक्यातून गेला नाही.

चंदनसार

दुसऱ्या दिवशी नीलेश मला मोटारसायकलवरून विरारला, चंदनसारला घेऊन गेला. डबे तिथल्या भांड्यांच्या दुकानात होते. ताईंना सांगण्याचं धैर्य नव्हतं म्हणून मी वाटेत नवा बेत रचला. कारागिराला सांगायचं की रेघेत चूक आहे, काम थांबवा. पट्टा विसरणाऱ्या माणसाला साजेसाच बेत.

दुकानाच्या मागच्या अंगाला जाड भिंगाचा चष्मा लावून कारागीर बसला होता. हातात पेनासारखं यंत्र, ते टर्र टर्र करत स्टीलवर ठिपके मारत जातं. बाजूला झालेल्या डब्यांची उतरंड होती. "नव्वद झालेत," तो म्हणाला. "नाव टाकायला एक मिनिट लागतो. हे डोंगर काढायला पाच. पहिले मला जीवदानीचं देऊळ वाटलं."

मी एक डबा उचलला. झाकणावर दर्शनाचं नाव, त्याखाली दरी, दरीत मधोमध शिखर. काम सुबक होतं. पण रेघेखाली आणखी दोन ओळी कोरलेल्या होत्या, त्या मी पाठवल्या नव्हत्या. अक्षर ओळखीचं होतं. लॅबच्या वह्यांमध्ये पाच वर्षं पाहिलेलं, उजवीकडे झुकणारं, मात्रा लांब ओढणारं.

पहिली ओळ होती, "नॉइज कुठे गेला?" आणि दुसरी, "काकांना विचारायचं नाही."

यातलं पहिलं वाक्य समजावून सांगतो. खऱ्या मोजमापाची रेघ कधी गुळगुळीत नसते. यंत्राची, तारांची, साऱ्या जगाची थोडी थरथर तिच्यात येतेच. तिलाच आम्ही नॉइज म्हणतो आणि तो कमी करता करता आमची हयात जाते. रेघेवर काटे असतात, केस असतात. गणिताने काढलेली रेघ मात्र तेल लावून विंचरल्यासारखी असते. तसलीच मी पाठवली होती. खोटी थरथर मिसळून देणं काही अवघड नव्हतं, ते मला सुचलं नाही. दर्शनाने ती रेघ बघितली आणि पहिल्याच नजरेत ओळखली असणार. तिला तो कागद समजून घ्यायला एक घोट चहाइतकाही वेळ लागला नसेल.

नीलेश शेजारी उभा होता. तो म्हणाला, "काका, तो कागद तिच्या बेडसमोर चिकटवलेला होता. आई बोलली, कागदावर आहे ते सगळं उतरवा, एक पण अक्षर सोडायचं नाही."

वर्षभर मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो होतो. खोटं बोललो खरं, पण पोर समाधानाने गेली. त्या एका वाक्यावर मी झोपत होतो, जेवत होतो, यंत्राला हात लावत होतो. ते वाक्य त्या दुकानात संपलं. चकती मेल्याचं तिला कळलं होतं, मी खोटं बोलल्याचंही कळलं होतं, आणि ते सगळं तिने एकटीने सोसलं होतं. मी डबा परत उतरंडीवर ठेवला.

कारागिराने विचारलं, शिखर मधोमध आलंय ना, साहेब? मी म्हणालो, आलंय. काम थांबवा असं काही माझ्या तोंडून निघालं नाही. परत येताना नीलेश दोनदा विचारत होता की तब्येत बरी आहे ना. उन्हामुळे होतं असं, असं मी त्याला सांगितलं.

कळंब

ताईंचं माहेर कळंबला. तिसऱ्या दिवशी त्यांना माहेरच्यांना श्राद्धाचं बोलावणं करायचं होतं, मलाही त्या सोबत घेऊन गेल्या. गाव छान आहे. सुरूची झाडं, वाळत घातलेले बोंबील, आणि आता मधूनमधून सुट्टीसाठी येणाऱ्यांची कॉटेजं. त्यांच्या भावजयीने मला सुकटीची चटणी वाढली. आमच्या भागातला शेंगदाण्याचा ठेचा मला जगात सगळ्यात भारी वाटत आला आहे, त्या चटणीने मला जरा विचारात पाडलं. एरवी तीनदा मागितली असती, त्या दिवशी घास फिरत राहिला.

जेवणानंतर ताई किनाऱ्यावर गेल्या. अस्थी इथेच सोडल्या होत्या. पाण्याला हात जोडून झाल्यावर त्या वाळूत बसल्या, मी थोडं अंतर ठेवून बसलो. त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमचं नाव हाय त्या कागदावरच्या वलीत. काय विचारायचं नव्हतं तुमाला?"

मग मी सगळं सांगितलं. पट्टा, स्वेटर, सपाट रेघ, फोन, खोटा आलेख. दर्शनाला ते ओळखू आलं होतं, हेही सांगितलं. बोलताना त्यांच्याकडे बघवेना म्हणून समोरच्या ओढून ठेवलेल्या होडीकडे बघत होतो. माफ करा एवढंही म्हणता आलं नाही, शेवटी नुसता रडलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस परक्या गावच्या किनाऱ्यावर रडतो तेव्हा फार वाईट दिसतो, पण तिथल्या बायका बोंबील पालथे करत राहिल्या, कुणी बघितलं नाही.

ताई रडल्या नाहीत. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तो कागद आला तवा ती हसली व्हती. लय दिवसांनी. मी बोलले, काय गो? तर बोलली, काकांचं काम हाय, आई."

मी म्हणालो, डबे थांबवूया ताई. त्याच्या आदल्या वर्षीचा तिचा खरा आलेख माझ्याकडे आहे, एका अणूचा. तो देतो.

त्यांनी नकार दिला. "रेघ तुमची आसंल, अक्षर माज्या पोरीचं हाय. लिवलेलं तेवढंच शेवटचं. ऱ्हाऊ द्या." मग उठून पदराची वाळू झटकत म्हणाल्या, "पन कोनी विचारलं, तर तुमीच सांगायचं. मी नाय सांगनार."

परत नायगाव

चौथ्या दिवशी सकाळी विधी झाले, दुपारी जेवणं झाली. रिकामं भांडं कुणाच्या हातात देत नाहीत, तिथेही नाही आणि आमच्याकडेही नाही. प्रत्येक डब्यात बुंदीचे दोन लाडू घातले होते. ताईंनी मला मांडवाच्या तोंडाशी उभं केलं, डबे वाटायला. पहिल्या कितीतरी जणांनी झाकणाकडे बघितलंसुद्धा नाही, डबा पिशवीत टाकून नमस्कार करून गेले. मला हायसं वाटलं आणि तसं वाटल्याचीच लाज वाटली.

मग एका शाळामास्तरांनी चष्मा वर करून त्या ओळी वाचल्या आणि विचारलं. मी सांगितलं. मागे उभ्या असलेल्यांनी ऐकलं, त्यांनीही विचारलं. नंतर मी मोजणं सोडून दिलं. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, मी पट्टा विसरलो इथपासून. कुणी चुकचुकलं, कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एकाने डबा परत माझ्या हातात दिला आणि लाडू न घेता निघून गेला. तोही मला बरोबरच वाटला. ताई आतून बघत होत्या, मध्ये पडल्या नाहीत.

संध्याकाळची गाडी होती. नीलेशने मोटारसायकल काढली तेव्हा ताई माझा डबा घेऊन आल्या. त्यात भाकऱ्या आणि सुकटीची चटणी भरली होती. कळंबला माझ्या ताटात ती तशीच राहिलेली त्यांनी पाहिली होती. डबा हातात देऊन त्या तिथेच उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायचं होतं आणि तीन दिवस ते मागे ठेवलं होतं, असं दिसलं.

"भाऊ, तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलत नव्हते," त्या म्हणाल्या. "ती रोज विचारायची, काकांचा फोन आला का. मना वाटायचं मशीनचं कायतरी आसंल. रोज विचारायची."

तिला चकतीचं काही विचारायचं नव्हतं, ते तर तिने लिहूनच ठेवलं होतं. तिला फक्त बोलायचं होतं. आणि मी अकरा दिवस फोनकडे बघत बसलो होतो, पकडला जाईन म्हणून.

नीलेशने गाडी सुरू केली. ताई म्हणाल्या, "पोचलात का फोन करा."

तो डबा आता रोज माझ्याबरोबर लॅबमध्ये येतो. नवी पोरं झाकण वाचतात, विचारतात, मी सांगतो. पण ते नंतरचं. त्या दिवशी पुण्यात उतरलो, फलाटावर माणसं धक्के देत होती, तिथेच सामान खाली ठेवलं आणि फोन लावला. पहिल्याच घंटीला ताईंनी उचलला.

"पोचलो," मी म्हणालो.

"बरं केलात," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.